फुकटच्या नोट्स आणि मागांचा खडखडाट

मी एमएस्सीला गणित शिकवतो. त्यातल्या कॉम्प्लेक्स ॲनालिसिसच्या माझ्या नोट्स आणि व्हिडिओ मी इंटरनेटवर फुकट टाकतो. "बदल्यात काय मिळतं?" असं लोक विचारतात. किस्से मिळतात की! इतके साठलेत, की आता सांगून टाकलेले बरे.

*

एकदा पेपर तपासत होतो. कुणीतरी प्रूफ झकास लिहिलं होतं आणि शेवटची ओळ होती : 'गॅसचा नंबर लावणे.' माझ्या नोट्सच्या समासात मीच ते आठवणीसाठी खरडलं होतं! प्रूफ बरोबर होतं, पूर्ण मार्क दिले. घरी जाऊन गॅसचाही नंबर लावला.

*

आमचे विभागप्रमुख म्हणाले, "फुकट दिलेलं कुणी वाचत नाही हो!" पुढच्याच आठवड्यात त्यांच्या वर्गावरून जात होतो. फळ्यावर थिअरम सात, त्याखाली पुन्हा थिअरम सात. ही चूक जगात फक्त माझ्या पीडीएफमध्ये आहे.

*

कळंब्याहून एका विद्यार्थिनीच्या वडिलांचा फोन आला. ते घरोघरी दुधाचा रतीब घालतात.

"पावणं, पोरीसंगं तुमचा व्हिडिओ बघितला. गोल फिरून परत तितंच येताय, आन उत्तर शून्य?"

"बरोबर समजलं तुम्हाला."

"मी दुधाची फेरी अशी मारून आलो, तर बायको घरात घ्यायची न्हाय!"

*

इचलकरंजीची वैशाली यंत्रमागावर कामाला, अभ्यास माझ्या व्हिडिओंवर. या एकाच पेपरात दोनदा नापास. तिसऱ्यांदा उडाली तर शिक्षण बंद, असं घरी ठरलेलं. मला माझ्या आवाजाचा भारी अभिमान. तिला विचारलं, "माझं बोलणं समजतं ना?"

"सर, जेवणाच्या सुट्टीत शेडातच बघती मी. मागांच्या खडखडाटात तुमचं कायबी ऐकू येत न्हाय. बोलू नका, मोठं लिवा की!"

तोंड एवढंसं झालं माझं. पण त्या दिवसापासून टपोऱ्या अक्षरात लिहायला लागलो. तिच्या निकालापर्यंत जीव टांगणीला होता, खरं सांगतो.

निकालाच्या दिवशी तिचा व्हिडिओ कॉल आला. मागे माग धडधडत होते. तिचे ओठ हलत होते, ऐकू मात्र काही येईना.

मी घसा फाडून ओरडलो, "अगं, निकाल काय?"

तिनं एक पुठ्ठा वर धरला. टपोऱ्या अक्षरात एकच शब्द : पास.

मी आनंदानं आणखीनच ओरडायला लागलो. तिनं शांतपणे पुठ्ठा उलटा केला. मागच्या बाजूला आधीच लिहून ठेवलं होतं : 'सर, ओरडू नका. लिवा!'