आमच्या बाजारात सापडलं नाही

माझी नणंद विलिया कुणाच्या बाप्तिस्म्याच्या जेवणाला आली की आमच्या लाझ्दियाय गावच्या बायका दारातच हसायच्या. "खेळणी लपवा गं, सरकार आलं."

तिच्या पर्समध्ये जपमाळेशेजारी एक पारदर्शक नळी असायची, तान्ह्या बाळाच्या घशाएवढी. भेट आलेल्या अस्वलाचा डोळा, बाहुलीचं बटण, गाडीचं चाक ती ओढून बघायची. निघालंच तर नळीत टाकायची. नळीत मावलं की ती भेट टेबलावरून गेलीच. आणणाऱ्याचं तोंड एवढंसं व्हायचं आणि माझ्या सासूबाई कपाळाला हात लावायच्या.

"नऊ महिने मला वाटलं पोटात मुलगी आहे. निघाला फौजदार."

"आई, फौजदार चोर पकडतो. मी फक्त अस्वलं पकडते."

"म्हणून तर मला जावई मिळाला नाही."

विलियाही हसायची. पण अस्वल परत द्यायची नाही.

दुकानांत विकल्या जाणाऱ्या वस्तूंनी माणसांना इजा होऊ नये हे बघणाऱ्या सरकारी खात्यात ती सव्वीस वर्षं होती. कचेरी अलितूस शहरात. सकाळी साडेसहाची बस, हातात उकडलेल्या अंड्यांचा डबा. दुकानं, गोदामं, जत्रेतले ठेले, सगळीकडे हिंडायची. पण तिच्या मते खरं काम पत्रांचं होतं. एका देशात एखादी वस्तू घातक निघाली की तिथलं खातं बाकी सगळ्यांना कळवतं, फोटो आणि नंबरासकट. मला एकदा तिने पीठ चाळता चाळता समजावलं होतं.

"शेजारणीच्या पिठात अळ्या निघाल्या, तर त्याच दुकानातून पीठ आणणाऱ्या सगळ्या घरांना ती सांगते ना, वहिनी? तसंच. फक्त आमच्या शेजारणी तीस देशांत राहतात. मग प्रत्येकीने आपापला डबा उघडून बघायचं आणि उत्तर द्यायचं. सापडलं, किंवा सापडलं नाही."

"आणि डबा न उघडताच उत्तर दिलं तर?"

"देतात काहीजण. कुणाचा तरी हात भाजलेला असतो म्हणून ते पत्र निघालेलं असतं. मला नाही जमत तसं."

प्रभूची साक्ष ठेवून लिहिते, तिने कधी डबा न उघडता उत्तर दिलं नाही.

विलियाचा धाकटा भाऊ विदास अकरा वर्षं आयर्लंडला, अळंबी पिकवतात त्या शेडमध्ये. आमच्याकडे प्रत्येक घराचं अर्धं माणूस तिकडेच असतं. एक रविवार सोडून एक रविवार, चर्चमधली दुसरी मिस्सा सुटली की बाजारामागच्या मैदानात पार्सलची व्हॅन लागते. आम्ही राय धान्याचा काळा पाव, धुरावलेलं सॉसेज, शहाजिरं घातलेलं चीज देतो. तिकडून कॉफी, कपडे, साबणाची पावडर येते. व्हॅन चालवणारा ज्युओझस सगळ्यांची गाऱ्हाणीही फुकट पोचवतो.

गेल्या वर्षीच्या सप्टेंबरात सासूबाईंना घर तापवायच्या भट्टीसाठी लाकडं उचलवेनाशी झाली. त्या गावाबाहेरच्या लाकडी घरात एकट्या राहायच्या आणि आमच्याकडे यायला तयार नव्हत्या. विदासला कळलं तसं त्याने विजेचं ब्लँकेट पाठवलं, गादीवर अंथरायचं.

"अगदी कोरं आहे, वहिनी," तो फोनवर म्हणाला. "प्लॅस्टिकसुद्धा फाडलेलं नव्हतं. आईला म्हणावं, माझ्या हाताची ऊब समज."

सासूबाईंनी ते छातीशी धरलं आणि पहिलं वाक्य बोलल्या ते असं. "विलियाला दाखवू नकोस. घेऊन जाईल."

घेऊन गेलीही असती. आदल्या नाताळला विदासने पाठवलेली दिव्यांची माळ तिने वायर बघूनच काढून नेली होती. सासूबाई आठवडाभर तिच्याशी बोलल्या नव्हत्या.

"याला वरून खोळ घाल," मला म्हणाल्या. "साधी गोधडी दिसली पाहिजे. आणि तसंही ते नायलॉन मला टोचतं. नायलॉनमध्ये मेल्यावर झोपवा."

त्यांच्या लग्नातली लिननची जुनी चादर मी फाडली. चारही बाजूंनी घट्ट टाके घातले, ब्लँकेट आत सरकू नये म्हणून. शिवताना जपमाळ म्हटली. दोन जपमाळा झाल्या तेव्हा खोळ झाली. कंपनीचं नाव आणि नंबर असलेली पट्टी आत गेली. बाहेर फक्त वायर आणि तिच्यावरचं निळं बटण राहिलं. विलिया यायची असली की सासूबाई वायर काढून उशीखाली सारायच्या. आम्ही दोघी हसायचो. सरकार आलं, लपवा.

ऑक्टोबरात विलियाच्या कचेरीत आयर्लंडहून पत्र आलं. त्याच ब्लँकेटचं. घडी पडते तिथे आतली तार तुटायची आणि कापड धुमसायचं. तिकडे कंपनीने उन्हाळ्यातच लोकांना कळवलं होतं की फोटो पाठवा, पैसे परत घ्या, वायर कापा आणि टाकून द्या. विलियाने फोटो घेतला आणि अकरा दिवस हिंडली. अलितूसची गोदामं, आमच्याकडची तिन्ही दुकानं, गुरुवारचा बाजार. हे सगळं मला नंतर कळलं.

हिंडणं संपलं त्या रविवारी ती आईच्या बिछान्यावर बसून बटाट्याचं कुगेलिस खात होती. पाय सुजलेले. मी समोर उभी राहून वाढत होते.

"एवढं काय शोधत होतीस गं?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही. एक पत्र होतं. सापडलं नाही म्हणून कळवलं, सुटले."

"काय सापडलं नाही?"

"राहू दे आई. सांगितलं की तुम्ही दोघी हसाल."

बटाट्याचा तो घास तिने खोळीवर बसून खाल्ला. एक वाक्य तिचं सांगायचं राहिलं, एक माझं सांगायचं राहिलं. सासूबाईंनी माझ्याकडे बघून डोळा मिचकावला.

नाताळआधीच्या आगमनकाळाचा दुसरा आठवडा. मंगळवारी दुपारी जेवून सासूबाई बिछान्यावर आडव्या झाल्या. समोरच्या पेत्रोनेलाबाईंना खिडकीतून धूर दिसला. घर जळलं नाही, ती एकच खोली काळी झाली. सासूबाई धुराने गेल्या. चेहरा तसाच होता, फक्त नाकाशी काजळी. मी माझ्या रुमालाने पुसली.

अग्निशामकवाले निघून गेल्यावर विलिया खोलीत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात ते निळं बटण होतं, अर्धं वितळलेलं. पर्समधून तिने एक घडी केलेला कागद काढला आणि बटण त्यावरच्या ब्लँकेटच्या फोटोशेजारी धरलं. मग उंबऱ्यावर बसली.

"हे कधी आलं, वहिनी?"

"सप्टेंबरात."

"वर खोळ कुणी घातली?"

"मी."

"आईने सांगितलं?"

मी मान डोलावली. मग मीच विचारलं, खोळीमुळे पेटलं का. "नाही," ती म्हणाली. "तार आतून तुटली. खोळ असती काय, नसती काय." खोटं ती बोलत नाही, म्हणून मी तेवढ्यावर उभी आहे.

माझे यजमान अल्गिस यांनी विदासला फोनवर सांगितलं की भट्टीचा धूर कोंडला. अंत्यविधीला विदास आला. कबरीपाशी, सगळ्यांदेखत त्याने थोरल्या भावाला विचारलं, "वर्षातून एकदा धुराडं साफ करता आलं नाही तुला, दादा? मी तिकडून ऊब पाठवतो आणि तू इथे असून धुराडं बघत नाहीस?"

यजमानांनी खाली बघितलं. म्हणाले, "चुकलंच."

नाताळच्या आदल्या संध्याकाळी सासूबाईंचं रिकामं ताट मांडलं, ताटाशी मेणबत्ती. विलियाने ती मेणबत्ती दोनदा उचलून टेबलक्लॉथपासून लांब ठेवली.

जानेवारीत तिने सांगितलं की त्या पत्राला पाठवलेलं उत्तर ती बदलणार. साहेबांनी तिला समजावलं होतं की बदलायची गरज नाही, वस्तू बाजारात नव्हतीच, घरगुती पार्सल आपल्या कामात येत नाही, तुमचं उत्तर बरोबर आहे.

"बरोबर आहे तर राहू दे ना," यजमान म्हणाले. "तू लिहिलंस की तिकडचे लोक विदासच्या दारात जाणार, कुठून आणलं म्हणून विचारायला. मी धुराड्याचं अंगावर घेतलंय. घेऊ दे मला."

"दादा, ज्युओझसची व्हॅन एकटी नाही. लाटव्हियाला जातात, पोलंडला जातात. सगळ्यांनी दुकानंच बघितली असणार, माझ्यासारखी."

"आई परत येणार आहे का?"

"नाही."

"मग त्याला तरी जगू दे."

मीही म्हटलं, "विलिया, देवाला ठाऊक आहे. तेवढं पुरे नाही का?"

"देवाला तर ऑक्टोबरातही ठाऊक होतं, वहिनी."

मला ते बोलणं लागलं. माझ्या रोजनिशीत त्या दिवसाचं पान मी कोरं सोडलं आहे.

रविवारी मिस्सा झाल्यावर माझ्या स्वयंपाकघरातून तिने विदासला फोन लावला. परक्याच्या तोंडून त्याला कळू नये म्हणून. तिने सगळं सरळ सांगितलं, काही मागे ठेवलं नाही, काही मऊही केलं नाही. फोन टेबलावर होता, स्पीकर लावलेला. पलीकडून शेडमधल्या पंख्यांचा आवाज येत होता.

"मग दादा धुराड्याचं ऐकून का घेत होता?" तो म्हणाला.

यजमान खिडकीकडे वळले.

"ते मला शेडमधल्या बाईने दिलं, ताई. तिला पैसे परत मिळाले होते. टाकायला जीव होत नव्हता. म्हणाली, घरी कुणाला थंडी वाजते का? मी म्हटलं, माझ्या आईला वाजते."

"विदास..."

"वायर कापायला सांगितली होती म्हणतेस? माझ्या खिशात चाकू असतो. दिवसभर अळंब्याच कापतो मी."

फोन बंद झाला. त्यानंतर त्याने आमचा एकही फोन उचलला नाही. पुढच्या पाळीला ज्युओझसने आमचा खोका तसाच परत आणला. पाव दगड झाला होता. "घेत नाही म्हणाला," एवढंच बोलला. एरवी त्या माणसाची जीभ थांबत नाही.

मार्चमध्ये विलिया संध्याकाळच्या बसने उतरून थेट माझ्याकडे आली. कोट न काढता बसली. तिच्या दुरुस्त केलेल्या उत्तरानंतर लाटव्हियाने पार्सलच्या व्हॅनवाल्यांकडे चौकशी केली होती. तीन ब्लँकेट घराघरांतून निघाली. एक पाळण्यात अंथरलेलं होतं.

"म्हणजे ते बाळ..."

"बरं आहे." ती चहाच्या कपाकडे बघत होती. "आईला सांगावंसं वाटलं. मग आठवलं."

मी तिला म्हटलं, तू काय लिहिलंस ते मला एकदा वाचून दाखव. पर्समधून तिने कागद काढला. वस्तू, नंबर, कुठे सापडली, कशी आली, कुणी पाठवली. विदासचं नाव होतं. आईचं वय होतं. मग एक ओळ, 'ओळखीची पट्टी कापडाने झाकलेली असल्यामुळे दिसली नाही.' पुढे तारीख आणि सही.

"माझं नाव कुठे आहे?"

"नाही."

"का नाही? तू तर काही सोडत नाहीस."

"वस्तू कुठून आली याला रकाना आहे, वहिनी. कुणी झाकली याला नाही." तिने कागदाची घडी घातली. "असता तर लिहिलं असतं."

मला माहीत आहे, लिहिलं असतं. तिच्या अंगाला आजही त्या खोलीचा वास येतो असं मला वाटतं, की माझ्याच हाताला येतो कोण जाणे.

या रविवारी मी नवा पाव भाजला. खोक्यात सॉसेज आणि चीज भरलं. खोक्याच्या आत ठेवलं तर तो उघडणार नाही, म्हणून पत्र बाहेर, झाकणावर चिकटवलं, पाकीट न करता, येताजाता दिसेल असं. खोळ मी शिवली आणि मीच गप्प राहिले, एवढंच त्यात आहे. आपल्याकडे खोटं न बोललेली एकटी तुझी बहीण, हेही आहे.

ज्युओझसने उभ्या उभ्या ते वाचलं. वाचणारच होता.

"आणि हाही परत आला तर?" त्याने विचारलं.

"तर पुढच्या पाळीला पुन्हा घेऊन जा."

त्याने खोका मागे न टाकता पुढच्या सीटवर ठेवला.