लग्नाच्या झग्याला कात्री

रत्नम्माकडे काम असायचं, पण ठरावीक. परकर, उशांचे अभ्रे, बाजाराच्या पिशव्या, शाळेच्या पोरांच्या खाकी चड्ड्या. टाका बारीक, माप बिनचूक. तरी लग्नाचं पोलकं किंवा बाळाची कुंची तिच्याकडे कुणी टाकत नसे. नवरा शिवमूर्ती बहात्तरच्या दुष्काळात काविळीनं गेला, तेव्हा ती पंचविशीची होती. मुरुडजवळच्या सासरहून शिवणयंत्र आणि एक वळकटी घेऊन ती लातूरला आली आणि पार्वतम्माच्या घरातली रस्त्याकडची खोली भाड्यानं घेऊन राहिली. चौदा वर्षं झाली होती. विधवेच्या हातचं शुभकार्याला नको, हे तिला कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं. "लगीनघाईत तुला कशाला तरास?" असं गोड बोलून बायका पोलकी दुसरीकडे नेत.

लातूर जिल्हा झाल्यावर नव्या कचेऱ्या आल्या आणि त्यांच्यामागे परगावची बिऱ्हाडंही. समोरच्या घरात वसईचे बावतीस रुमाव राहायला आले. जमिनीखालच्या पाण्याचा शोध घेण्याची त्यांची नोकरी. दिवस उजाडला की जीप निघायची, ती अंधार पडताना परतायची. त्यांची बायको मार्था दिवसभर एकटी असे. तिला गल्लीची रीत ठाऊक नव्हती. आल्या आठवड्यातच ती नवं पोलकं शिवायला घेऊन रत्नम्माच्या उंबऱ्यात उभी राहिली. मग पडदे आले, मग नुसतंच बसणं. मार्था तिला 'रत्नाक्का' म्हणू लागली. टँकर आला की दोघी घागरी घेऊन बरोबर निघत. दोघींनाही बोलायला दुसरं माणूस नव्हतं, ही गोष्ट मात्र दोघींनी कधी बोलून दाखवली नाही.

जिल्हा झाल्यावरच्या चौथ्या उन्हाळ्यात, पुन्हा दुष्काळ पडला होता तेव्हा, मार्थाला मुलगी झाली. दीड महिन्यानं एका सोमवारी ती कागदात गुंडाळलेला पांढरा झगा घेऊन आली. तिच्या लग्नातला होता.

"रत्नाक्का, येत्या रविवारी नांदेडला बाळीचा बाप्तिस्मा आहे. तिथं फादर येणार आहेत. तिला ह्यातून झगा शिवायचा. पायाच्या खाली वीतभर लोळला पाहिजे."

"म्या शिवू?" रत्नम्मानं विचारलं.

"मग कोण? मला काय सुई धरता येते?"

बाळ दुपट्यात चुळबुळ करायला लागलं, म्हणून मार्था माप देऊन लगेच गेली. रत्नम्मा झगा मांडीवर घेऊन बसून राहिली. अंगावरच्या इष्टलिंगाला तिनं हात लावला. बाळाचं पहिलं शुभवस्त्र, आणि ते तिच्या हातचं.

पार्वतम्मा दारातून डोकावली. "अख्ख्या लातुरात त्यांना दुसरं कुणी मिळंना व्हय?"

"मिळत आसंल की. पर त्यांनी मला इचारलं."

"इचारलं म्हंजी? त्यांना म्हाईत न्हाई, तुला तर हाय न्हवं?"

रत्नम्मानं दार लोटून घेतलं.

ती झग्याकडे बघत राहिली. आजीच्या जुन्या लुगड्याची कुंची तर आपल्यातही करतात. पण लग्नाच्या शालूला, तोही नवरा धडधाकट असताना, कुणी कात्री लावतं का? तिचा स्वतःचा शालू शिवमूर्तीला जाऊन वर्ष व्हायच्या आधीच जावेनं फाडून गोधडीला लावला होता, आणि त्या दिवसापासून घरातली तिची जागा संपली होती. मार्थाबाई परमुलखातली, तिला कोण सांगणार? दुष्काळात नवं कापड घ्यायला जीव होत नसेल, असं रत्नम्मानं मनाशी ठरवलं. दुसऱ्या दिवशी ती गुरुपादप्पाच्या दुकानात गेली आणि स्वतःच्या पैशांनी पांढरं साटीन घेऊन आली. तीन दिवस तिनं दुसरं काम हातात घेतलं नाही. गळ्याभोवती इतक्या बारीक चुण्या घातल्या, की बोट फिरवल्याशिवाय कळू नयेत.

शुक्रवारी दुपारी ती दोन्ही झगे घेऊन समोर गेली. मार्थानं छोटा झगा हातात धरला, हसली, उलटा करून पाहिला. मग तिचं लक्ष शेजारी घडी करून ठेवलेल्या आपल्या अखंड झग्याकडे गेलं.

"हे कापड कुठलं?"

"नवं हाय. तुमच्या झग्याला म्या हात न्हाई लावला," रत्नम्मा खाली बघत म्हणाली. "धनी हायेत तवर लग्नाचं कापड कापू न्हाई, बाई. वंगाळ असतं."

मार्था खाटेच्या कडेला बसली.

"हा झगा आईनं शिवला होता," ती म्हणाली. "तिची दृष्टी गेली होती निम्मी, तरी शिवला. तेव्हाच म्हणाली होती, घेर मोठा ठेवते, पोरांना पुरेल. चार महिन्यांनी गेली. बाळीच्या अंगावर आजीचा हात लागायचा तो एवढाच होता, रत्नाक्का."

"मला वाटलं..." रत्नम्मा म्हणाली.

"तुम्ही माझं चांगलंच बघितलंत. पण उद्या सकाळी निघायचंय. आता कापाल?"

रत्नम्मानं कात्री काढली, पण तिचा हात पुढे जाईना. घरच्या लक्ष्मीच्या लग्नाच्या वस्त्राला आपल्यासारखीनं कात्री लावायची, हे तिला झेपत नव्हतं. शेवटी तिनं कात्री मार्थाकडे सरकवली.

"पहिली कात्री तुमची. तुम्ही सवाष्ण हायसा. पुढचं म्या बघते."

"एवढं काय त्यात?" म्हणत मार्थानं कात्री घेतली. पण कापडाशी नेल्यावर तीही थांबली. मग डोळे मिटून तिनं घेराला वीतभर काप दिला. पुढचं काम रत्नम्मानं तिथंच, त्यांच्या जमिनीवर बसून केलं. बाळ रडलं की मार्था उठायची, परत येऊन बसायची. दिवेलागणीला झगा तयार झाला. मार्थाच्या आईनं घातलेली टीप रत्नम्मानं एका बाहीवर तशीच राखली होती. थोडी वाकडी होती, पण तिनं ती उसवली नाही.

शनिवारी जीप दारात उभी राहिली. मार्था बाळाला घेऊन बसली आणि शेजारची जागा दाखवून म्हणाली, "चला ना, रत्नाक्का. परवा परत येऊ आपण."

ओसरीवर पार्वतम्मा आणि शेजारच्या दोघी उभ्या होत्या. रत्नम्मानं त्यांच्याकडे पाहिलं नाही, तरी त्या दिसत होत्या.

"परकर द्यायचेत आज," ती म्हणाली. "तुम्ही या जाऊन."

"नक्की?"

"व्हय. या."

सोमवारी रुमावसाहेब एकटेच परतले. लातुरातले पाण्याचे हाल ऐकून, बाप्तिस्म्याला आलेला मार्थाचा भाऊ नांदेडहूनच मायलेकींना वसईला घेऊन गेला होता. पाऊस पडला की परत आणायचं ठरलं होतं. रत्नम्मानं कुंपणाशी उभं राहून विचारलं, "पोरीचं नाव काय ठिवलं, साहेब?"

"ॲग्नेस."

तिनं ते पुन्हा विचारून घेतलं. घरात येऊन दोनतीनदा म्हणून पाहिलं, पण जीभ वळेना.

त्या वर्षी मृगात आभुट आलं, ढग जमले आणि निघून गेले. श्रावणात दोन सरी आल्या, त्यांनी धूळही बसली नाही. दसऱ्याच्या आसपास साहेबांची बदली झाली आणि दोन माणसांनी सामान ट्रकमध्ये चढवलं. मार्था आली नाही. रत्नम्मा समोरच्या दाराला कुलूप लागेपर्यंत उभी होती. मग आत येऊन तिनं यंत्राखालचं पायडल दाबलं. गल्लीतल्या गुरम्माचे सहा अभ्रे संध्याकाळपर्यंत द्यायचे होते.