काटा शून्यावर होता

पेट्रोलपंपावर तो वास नाकात गेला की मला आजही ती पांढरी व्हॅन दिसते. आणि माझाच पंचनामा आठवतो.

कोहमाऱ्याकडच्या एका पोलीस ठाण्यात मी ठाणेदार म्हणून रुजू झालो, तेव्हा ती व्हॅन आवारात सात वर्षं उभी होती. आमची ओळख जुनी. सात वर्षांपूर्वी मी याच ठाण्यात नवखा उपनिरीक्षक होतो, आणि जंगलाच्या तोंडाशी ती सापडली तेव्हा पंचनामा मीच केला होता. गाडी जवळच्याच खेड्यातल्या एका चालकाची, त्याच्या स्वतःच्या मालकीची. सोबत असलेल्या मित्राने जबाब दिला, की पेट्रोल संपलं, चालक रिकामा डबा घेऊन पेट्रोल आणायला गेला आणि परत आलाच नाही. मी काटा पाहिला. शून्यावर होता. 'टाकी रिकामी' असं लिहून मोकळा झालो. जबाब आणि पंचनामा जुळले, मिसिंगची नोंद झाली, आठ दिवस जंगल धुंडाळलं आणि कागद कपाटात गेले.

चालकाची बायको भाताच्या रोवणीच्या मजुरीला जाणारी बाई. दर बाजाराच्या दिवशी ठाण्यात यायची. "जय भीम साहेब" म्हणायची, पदराने व्हॅनचं दार पुसायची आणि जायची. गाडी सोडवून न्यायला तयार नव्हती. म्हणायची, "ते येतीन तवा तेच नेतीन." गावात लोक म्हणत, तो हिला टाकून छत्तीसगडात दुसरा संसार मांडून बसलाय. सासू तर हिच्या तोंडावर म्हणायची, की तुलाच कंटाळून गेला.

त्या गाडीबद्दल ठाण्यात कोणी मोठ्याने बोलत नसे. भर दुपारी तिच्या टाकीतून आवाज यायचा. टण्ण. मग बराच वेळ काही नाही. पुन्हा टण्ण. आतून कोणी बोटाने वाजवावं तसा. तिच्या सावलीत कुत्रंही बसत नव्हतं. हवालदार अमावास्येला तिच्यापुढे अगरबत्ती लावायचे. मी त्यांना हसायचो, पण दुपारी त्या बाजूची खिडकी लावून घ्यायचो, हेही कबूल करतो.

मग आदेश आला, की आवारातल्या गाड्या दुसरीकडे हलवा आणि उचलण्याआधी टाक्या खाली करा. आमगावहून एक म्हातारा मिस्त्री आणला. मी म्हटलं, "ही सोडा, रिकामीच आहे."

"खाली टाकी जास्त वाईट साहेब. तिच्यात वाफ राहते," तो म्हणाला. तेवढ्यात त्याला मागच्या चाकापाशी अगरबत्तीची राख दिसली आणि तो भडकलाच. "अरे बाप्पा! काऊन, अख्खं ठाणं उडवून राहिले का?"

सकाळच्या गारव्यात, उघड्यावर त्याने काम मांडलं. सगळ्यांचे मोबाइल, माचिस, बिड्या आत ठेवायला लावल्या. बॅटरीच्या तारा काढल्या, वाळूच्या बादल्या जवळ घेतल्या. लोखंडी डबा खाली ठेवून तो गाडीला तारेने जोडला, ठिणगी पडू नये म्हणून. टाकीच्या झाकणाला कुलूप होतं, चावी नव्हती. हवालदार हातोडा घेऊन आला, तर मिस्त्रीने त्याला हाकललं. शेवटी टाकीच्या बुडाचा बोल्ट त्याने पान्याने हळूहळू सैल केला.

काळ्या चहासारखी धार सुटली. वार्निशसारखा उग्र वास. एक डबा भरला. मिस्त्रीने बोल्ट दाबून धार थांबवली आणि दुसरा डबा लावला. तोही भरत आला.

"मिस्त्री, काटा तर शून्यावर होता."

"चावी लावून पाह्यला होता का?"

"चावी सापडलीच नाही."

"मंग? चावी बंद असली का काटा खालीच बसते, साहेब. टाकी भरली असो का खाली."

मी तिथेच पायरीवर बसलो. सात वर्षांपूर्वी ती बाई रडत मला म्हणाली होती, "साहेब, ते टाकी फुल केल्याबिगर जंगलाच्या रस्त्याले लागतच नाहीत." मी ते जबाबात घेतलं नाही. उलट तिलाच सुनावलं होतं, "बाई, काटा खोटं बोलत नाही."

तो मित्र आता चौकात ढाबा चालवत होता. त्याच दुपारी त्याला बोलावलं. बाटलीतलं ते काळं पेट्रोल त्याच्यापुढे धरलं. "संपलं होतं ना? दोन डबे निघाले. मग तो काय आणायला गेला होता?"

त्याने बाटली बाजूला सारली. मी ती पुन्हा त्याच्यापुढे ठेवली. चौकशीत बोलण्यापेक्षा गप्प बसणं जास्त कामाला येतं. आणि बाहेरून आवाज आला. टण्ण.

टाकी तर सकाळीच खाली करून बोल्ट परत आवळला होता. तो ताडकन उठला. "कोन आहे तिथं?"

"तूच सांग," मी म्हणालो.

त्याने सांगितलं. व्हॅनमध्ये चोरीचं सागवान भरायचं होतं. चालक नाही म्हणाला, वनखात्याला कळवतो म्हणाला. जॅकच्या दांड्याचा एकच घाव. मग जवळचीच, झुडपांत बुजलेली पडकी विहीर.

पंचांसमोर त्याचं निवेदन घेतलं, त्यानेच विहीर दाखवली. गाळातून हाडं निघाली, करदोड्याचा तुकडा निघाला आणि त्यात ओवलेली एक छोटी पितळी चावी.

बाईला बोलावलं. तिने चावी ओळखली. पंचांसमोर ती टाकीच्या झाकणाला लावली आणि सात वर्षं बंद असलेलं ते कुलूप पहिल्याच फेऱ्यात उघडलं. आतून लांब श्वास सोडल्यासारखी हवा बाहेर आली. आम्ही सगळे मागे सरलो. ती सरली नाही. झाकणावर हात ठेवून उभी राहिली.

"टाकी भरूनच निघाले होते ना, साहेब?"

"हो बाई. मी नीट पाहिलं नाही."

"म्या तवाच सांगतलं होतं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. तिने माझ्या थोबाडीत दिली असती तर बरं वाटलं असतं.

त्या दिवसानंतर टाकी वाजली नाही. मिस्त्री म्हणाला, झाकण सैल झालं, आता कोंडलेली वाफ निघून जाते. असेल.

कोर्टात बचावाच्या वकिलाने विचारलं, "टाकी रिकामी असं कोणी लिहिलं?" मी म्हणालो, "मी." मागच्या बाकावर ती बसली होती आणि तिच्या शेजारी तिची सासू. काटा पाहायला मला अर्धं मिनिटही लागलं नव्हतं, आणि तेवढ्यासाठी त्या बाईने सात वर्षं टाकलेली म्हणून काढली. पुढच्या नोकरीत मी माणसाचं म्हणणं आधी लिहून घेतलं, काटा मग पाहिला.

निकालानंतर ती ठाण्यात आली. पुरावा म्हणून आवारातच राहिलेल्या व्हॅनचं दार तिने पदराने पुसलं आणि कागदावर सही केली. म्हणाली, "द्या साहेब, आता मी नेतो गाडी. ते टाकून गेले नव्हते."