धोतराच्या शेजारी

बेंबळीच्या शाळेत मी मासिक पाळीविषयी बोलायला गेले होते. फळ्यावर ‘माता-कन्या मेळावा’ असं लिहिलेलं. तरी एक म्हातारबाबा नातीला घेऊन आले आणि चपला हातात धरून दारातच उभे राहिले. बायांनी पदर सावरले.

“हिचं आईबाप ऊसतोडीला गेल्यात,” ते म्हणाले. “घरात म्या एकटाच. मग कुणी ऐकायचं?”

मी त्यांना आत बोलावलं. टोपी गुडघ्यावर ठेवून ते भिंतीकडेला बसले. पाळीचं कापड आडोशाला लपवून वाळवू नका, कडक उन्हात वाळवा, असं मी सांगत होते. बाया खाली बघत होत्या. मान एकटे तेच हलवत होते. मग त्यांनी शाळकरी पोरासारखा हात वर केला.

“बाई, आमच्या दारात एकच दोरी हाय. तिच्यावर माझं धोतर वाळतं. शेजारी हिचं कापड टाकलं तर चालंल न्हवं?”

नात लाजली, पण त्यांची बाही तिनं सोडली नाही. मागून एक आजी म्हणाल्या, “चालंल की! धोतराला काय धाड भरलीया?”

सगळ्या हसल्या, आणि मग बायांची तोंडं जी उघडली, ती शाळा सुटेपर्यंत मिटली नाहीत.

पुढच्या गावापासून मी फळ्यावर ‘घरातलं कुणीही या’ असं लिहायला लागले. त्या म्हातारबाबांचं नाव विचारायचं मात्र राहूनच गेलं. त्या दिवशी निघताना ते पायरीवर चपला घालत होते, तेव्हा नात हळूच म्हणाली,

“आबा, दोरी जरा खाली बांधा. माझा हात पुरत न्हाय.”