दहादा मोजलेली कोरडी बांधी

माझ्या पत्रकातलं एक वाक्य अजून पाठ आहे: ‘आमच्या वस्तीच्या बांध्या कोरड्या राहणे हा योगायोग नव्हे, हे गणिताने सिद्ध झाले आहे.’ बांधी म्हणजे धानाच्या शेताचा बांध घातलेला एकेक तुकडा. पत्रकाखाली प्रकाशक म्हणून बाबांचं नाव. बाबांच्या पत्रकांवरच मी वाचायला शिकले. त्यांनी खोटं कधी छापलं नव्हतं.

तलावाचं पाणी वाटणारी समिती आमच्यावर अन्याय करते, हे मला दाखवायचं होतं. गोंदियाच्या कॉलेजात काय-स्क्वेअर कसोटी नुकतीच शिकवली होती. भेदभाव नसता तर आमच्या वस्तीच्या आणि उरलेल्या गावाच्या किती बांध्या कोरड्या राहिल्या असत्या, ते काढायचं आणि प्रत्यक्षातल्या आकड्यांशी तफावत बघायची. तफावत फार मोठी निघाली, तर ती निव्वळ योगायोगाने पडली असं म्हणणं अवघड. मी धुऱ्याधुऱ्याने, शेतांच्या बांधांवरून, फिरून धानाची बांधी न् बांधी मोजली. उत्तर कोष्टकातल्या ३.८४ या योगायोगाच्या मर्यादेच्या कितीतरी पुढे गेलं.

ग्रामसभेच्या दिवशी सकाळी आईने माझी वही पाहिली.

“ह्या दहा बांध्या तं मामाच्याच. दहादा काऊन लिहिल्या?”

“दहा आहेत म्हणून.”

“कॉलेजात हेच शिकून राहिली का? वरच्या बांधीतून खालच्या बांधीत पाणी जाते. वरचीच कोरडी, तं खालच्या नऊ कायनं भिजतील?”

मी वही ओढून घेतली. ही कसोटी प्रत्येक नोंद स्वतंत्र धरते, आणि मी एकच कोरडेपणा दहादा मोजला होता. शेतकऱ्यागणिक एकच नोंद धरून पुन्हा मांडलं. उत्तर ३.८४ च्या खाली आलं.

“पत्रकं वाटू नका,” मी बाबांना म्हटलं.

“अर्धी तं काल वाटली.” त्यांनी उरलेला गठ्ठा सुतळीने बांधला. “आता सभेत तूच सांग.”

सभेत उभी राहिले. पत्रकातलं ते वाक्य वाचलं आणि म्हटलं, “हे चूक आहे.”

समितीतले एक काका हसले. “म्हणजे भेदभाव नाही. दे लिहून, पोरी!”

“नाही देणार. एवढ्या नोंदींवरून योगायोग नाकारता येत नाही, एवढंच गणित म्हणते. अन्याय होत नाही, असं ते म्हणत नाही. पाण्याच्या पुढच्या पाळीला माझ्यासोबत मोजायला तुमचा एक माणूस द्या.”

काकांनी हातातल्या पत्रकाची घडी घालून ती खिशात ठेवली. बाबा माझ्या मागे बसले होते. वळून त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.