लाल कार्ड आणि किल्लीचा प्रश्न

घरीदारी सगळे तिला मोठी म्हणत. वय त्रेचाळीस, डोकं जरा सावकाश चालणारं. सावकाश म्हणजे बंद नव्हे, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. इस्पितळाच्या धुलाईघरात वीस वर्षं ती चादरींच्या घड्या घालत होती आणि तिच्या घडीचं टोक कधी इकडचं तिकडे झालं नाही.

तिच्यासारख्या माणसांच्या वसतिगृहांवर एक प्राध्यापक संशोधन करत होते. त्यांनी मोठीसकट अशाच चौघांना संशोधनात जोडीदार म्हणून घेतलं. भिंतीवर नियम लावला: ज्याला कळलं नाही त्याने लाल कार्ड वर करायचं. बोलणाऱ्याने थांबून सोपं करून सांगायचं, आणि कार्ड खाली येईपर्यंत पुढे जायचं नाही. या नियमाचं सरांना कोण कौतुक!

दोन वर्षं मोठी त्यांच्याबरोबर फिरली. सर विचारत, "इथे समाधानी आहात का?" माणसं नुसत्या माना डोलवत. एक दिवस मोठीनेच विचारलं, "तुमच्या खोलीची किल्ली कुणाकडे असते?" झालं! माणसं बोलायलाच लागली. सगळ्या अहवालाचा जीव त्या एका प्रश्नात होता.

अहवाल छापून आला, धाकट्या बहिणीने तो वाचून दाखवला. प्रश्न म्हणे 'आमच्या चमूने' शोधला. संशोधकांची नावं पाच, सगळी विद्यापीठातली. मोठीचं नाव औषधालाही नाही. ती तडक सरांकडे गेली. एरवी अहोजाहो करणारे सर हसून म्हणाले, "अगं, नाव असलं काय नि नसलं काय, तुला काय कळणार त्यातलं?"

मोठी त्या दिवशी जेवली नाही. "मला कळत नाही ना? बघतेच आता," एवढंच म्हणाली. तिचा राग तिच्या घडीसारखाच, एकदा बसला की मोडत नाही.

प्रकाशनाला सभागृह खच्चून भरलं होतं. मोठी पहिल्या रांगेत बसली. सरांनी आधी लाल कार्डाची फुशारकी मारून टाळ्या घेतल्या. मग म्हणाले, "किल्लीचा प्रश्न आमच्या चमूने शोधला."

मोठीचं कार्ड वर. "चमू म्हणजे कोण?"

"म्हणजे आम्ही सगळे."

"कळलं नाही. नावं सांगा."

सरांनी पाच नावं वाचली.

"कळलं नाही."

पुन्हा वाचली. कार्ड वरच. लोक आधी कौतुकाने हसले, मग चुळबुळले. "आपण नंतर बोलू," म्हणत सर घाम पुसायला लागले, तर बाकीच्या तिघा जोडीदारांचीही कार्डं वर! मोठीचं काळीज काय गार झालं म्हणता.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "अहो, नियम तुमचाच ना? कोणी शोधला प्रश्न, सांगून टाका."

"ह्यांनी," सर पुटपुटले.

"ह्यांनी म्हणजे? नाव काय त्यांचं?" बाईंनी विचारलं.

सर अहवालाची पानं उलटायला लागले. दोन वर्षं बरोबर काम केलं, पण 'मोठी'पलीकडे तिचं नाव त्यांना ठाऊकच नव्हतं.

मोठी उठली. तिने आपलं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, एकेक अक्षर सुटं करून सांगितलं आणि सरांकडून ते अहवालाच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं. तिने मुळीच घाई केली नाही.

"आता कळलं?" तिने विचारलं.

"कळलं," सर म्हणाले. तेव्हा कुठे कार्ड खाली आलं.

बाहेर पडताना धाकटी म्हणाली, "झालं ना आता तुझं समाधान?"

"छे! पुढच्या महिन्यात त्यांचं दुसरं भाषण आहे," मोठी म्हणाली आणि कार्ड पर्समध्ये जपून ठेवलं.