मिश्रीला तंबाखू म्हणतं कोण?

अलकनंदाबाई घोरपड्यांना स्वतःविषयी शंका म्हणून कधी आलीच नाही. नवरा विलास केंद्र सरकारच्या नोकरीत, दिल्लीत लक्ष्मीबाई नगरला क्वार्टर, आणि बाईंची स्वतःची नोकरी गुडगावच्या नव्या सेक्टरात, कॅन्सर होऊच नये म्हणून झटणाऱ्या एका संस्थेत. रुजू होताना 'मी तंबाखू घेत नाही' अशा कागदावर सही करावी लागे. बाईंनी ती ठसठशीत करून टाकली. खोटं थोडंच होतं!

२००२ साली देशोदेशींच्या संस्था मिळून जिनिव्हात ठरत असलेल्या तंबाखूविरुद्धच्या जागतिक करारासाठी एक मागणीपत्र लिहीत होत्या. ओढायची नि चघळायची तंबाखू त्यात होतीच. आणखी काही सुटतंय का, हे ज्यानं त्यानं आपल्या मुलखातून कळवायचं होतं. संचालक डॉ. लतिका सेन यांनी दिल्लीच्या लष्करी छावणीतल्या मराठी जवानांच्या घरांचं काम बाईंवर सोपवलं. बाईंनी दोनशे बारा जणींना विचारलं, "तंबाखू घेता का?" दोनशे बारा जणी म्हणाल्या, "छे हो!"

"बिल्कुल साफ रिपोर्ट आहे, मॅडम," बाई छाती काढून म्हणाल्या. "आमच्या बायका असल्या नादाला लागत नाहीत."

मग आभार मानायला त्या छावणीतल्या एका सुभेदारांच्या आईकडे, हौसाबाईंकडे गेल्या. म्हातारीनंच त्यांना दारोदार नेलं होतं. चहा झाला, डबी निघाली. बाईंनी चिमूटभर काळी मिश्री घेऊन बोट हिरड्यांवरून फिरवायला सुरुवात केली.

"आजी, दिल्लीत इतकी छान मिश्री मिळते कुठं?"

"मिळतीय कुठली! गावाकडनं तंबाखूची पानं येत्यात. मीच तव्यावर भाजती, कुटती, आन् समद्या लाइनीला वाटती."

बाईंचं बोट तोंडातच राहिलं. त्यांना का ठाऊक नव्हतं? लहानपणी आई मिश्री भाजायची तेव्हा ठसका लागून बाई अंगणात पळायच्या.

"अहो आजी, मग फॉर्मवर नाही का म्हणालात?"

"मग काय म्हणू? तंबाखू खात्यात गडी. ही दाताची हाय!"

अगदी हेच बाईही म्हणाल्या असत्या. म्हणाल्या कशाला, सही करून बसल्या होत्या!

बाई पुन्हा घरोघर फिरल्या. या वेळी विचारलं, "सकाळी दात कशानं घासता?" एकशे चाळीस जणींनी मिश्रीचं नाव घेतलं. "पहिल्यांदा बायकांना प्रश्न नीट कळला नव्हता," असं मॅडमना सांगून नवा रिपोर्ट दिला. स्वतःचं मात्र गिळलं. खोटी सही म्हणजे नोकरी गेली, आणि ही नोकरी बाईंना जिवापाड प्यारी होती.

मागणीपत्र पक्कं करायची बैठक कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका हॉलमध्ये भरली. बाहेरून आलेल्या एका सल्लागारांनी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले.

"मार्चमध्ये शून्य, मेमध्ये एकशे चाळीस? यार, हे तर शिकवून वदवून घेतलेलं दिसतं. जिनिव्हात हसतील आपल्याला. 'हिरड्यांना घासायची तंबाखू' ही ओळ काढून टाका."

डॉ. सेन काही बोलणार, तोच अलकनंदाबाई उभ्या राहिल्या.

"सर, कुणी खोटं बोललं नाही. आम्हाला ती तंबाखू वाटतच नाही. मी एम. ए. आहे, याच संस्थेत काम करते, तंबाखू घेत नाही म्हणून सही केलीय. आणि तेवीस वर्षं मिश्री लावतेय. आज सकाळीसुद्धा. ती ओळ काढलीत, तर आम्हाला कुणी विचारणारसुद्धा नाही."

सल्लागारांनी चष्मा काढून पुसला. "ओळ राहू द्या," ते म्हणाले. करारवाल्यांनी पुढे त्या ओळीचं काय केलं, ते राहू द्या. देशोदेशींच्या संस्थांच्या सह्यांनिशी ती जिनिव्हाला गेली, एवढं खरं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी राजीनामा मॅडमच्या टेबलावर ठेवला. डॉ. सेननी तो न वाचता बाजूला सारला, टॉर्च घेतली नि म्हणाल्या, "आ करा."

आता मात्र बाई भ्यायल्या. खुर्चीचे हात घट्ट धरून बसल्या.

"डावीकडे पांढरा डाग आहे," खूप वेळानं डॉक्टर म्हणाल्या. "तुकडा काढून तपासून घेऊ. पण लहान आहे, मला फारसा वाईट वाटत नाही. मिश्री मात्र आजपासून बंद."

बाईंना रडू आवरेना. भर ऑफिसात, सगळ्यांसमोर, पदर तोंडाला लावून त्या रडल्या. मग नाक पुसलं, फोन ओढला आणि छावणीतल्या सुभेदारांच्या घरचा नंबर फिरवला.

"आजी, मी अलका बोलतेय. उद्या सकाळी तीन बस पाठवते. त्या एकशे चाळीस जणींना तोंड तपासायला घेऊन या. हो, तुम्ही सगळ्यांत आधी!"